पोर्ट फॉरवर्डिंग केलंय तरी बाहेरून डीव्हीआर दिसत नाही, पोर्ट बंदच दाखवतंय

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, चार दिवस झाले एकाच गोष्टीत अडकलोय, कुणीतरी मार्ग दाखवा.

आमचं घर कराडजवळ गावात आहे, तिथं आई-आप्पा दोघंच असतात. आप्पांचं वय ७६, मागच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मी पुण्यात नोकरीला. दिवाळीत आलो तेव्हा चार कॅमेरे आणि त्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर बसवून घेतला, एक पुढच्या दारात, एक सोप्यात, एक गोठ्यात आणि एक विहिरीकडं जाणाऱ्या वाटेवर. आप्पा पहाटे अंधारातच मोटर चालू करायला विहिरीवर जातात, किती सांगितलं तरी ऐकत नाहीत, त्यामुळं तो वाटेवरचा कॅमेरा मला सगळ्यात महत्त्वाचा.

बसवणाऱ्यानं क्यूआर कोड स्कॅन करून मोबाईलवर अ‍ॅप चालू करून दिलं होतं, ते कंपनीच्या सर्व्हरवरून चालतं, पण दिवसातून पाच-सहा वेळा "डिव्हाइस ऑफलाइन" येतं आणि मग अर्धा-अर्धा तास काही दिसत नाही. म्हणून म्हटलं पोर्ट फॉरवर्डिंग करून, म्हणजे बाहेरून ठरावीक पोर्टवर (नंबर दिलेल्या दारावर) येणारी जोडणी राउटरकडून डीव्हीआरकडं वळवून, थेटच बघू.

केलं ते असं. ऑपरेटरनं फायबरचा पांढरा बॉक्स दिलाय, त्याचं वायफाय सोप्यापर्यंत पोचत नाही म्हणून मी माझा वेगळा राउटर त्याला जोडलाय. माझ्या राउटरच्या पानावर गेलो (१९२.१६८.०.१), तिथं व्हर्च्युअल सर्व्हर असा मेन्यू आहे, त्यात ८०, ५५४ आणि ८००० हे तीन पोर्ट डीव्हीआरच्या १९२.१६८.०.६४ वर वळवले, टीसीपी निवडलं, सेव्ह केलं, राउटर बंद-चालू केला. घरच्या वायफायवर असताना तो ०.६४ पत्ता टाकला की चारही कॅमेरे झकास दिसतात. पण मोबाईल डेटावर जाऊन बाहेरचा आयपी टाकला की नुसतं गोल गोल फिरत राहतं. पोर्ट तपासायच्या साइटवर तिन्ही पोर्ट बंद दाखवतायत. डीएमझेड पण करून बघितलं, फायरवॉल पण बंद करून बघितली, फरक शून्य.

ऑपरेटरच्या ऑफिसात फोन केला तर "आमच्याकडून सगळं ओपन आहे, तुमच्या राउटरमध्ये प्रॉब्लेम असेल" एवढंच म्हणाले. मी रविवारपर्यंत गावी आहे, त्याच्या आत काहीतरी करायचंय.

---

फायबर_जोडणारा

दादा, आधी ती बंद केलेली फायरवॉल चालू करा आणि डीएमझेड काढा, मग पुढचं बोलू. डीएमझेड म्हणजे सगळेच्या सगळे ६५५३५ पोर्ट त्या डीव्हीआरकडं वळवणं, ते तसंच विसरून पुण्याला गेलात तर उगाच घोर लागेल.

मी फायबर जोडायचंच काम करतो, दहा वर्षं झाली, आणि हा प्रश्न महिन्यातून चार-पाच वेळा येतो. तुमचा नियम बहुतेक बरोबरच आहे. अडचण राउटरच्या बाहेर आहे, आणि ती बघायला दोन मिनिटं लागतात. पांढऱ्या बॉक्सच्या पानावर लॉगिन करा, पत्ता बॉक्सच्या मागच्या स्टिकरवर असतो, बहुतेक १९२.१६८.१.१ असेल. स्टेटसमध्ये वॅन (बाहेरच्या नेटकडची बाजू) म्हणून भाग असतो, तिथं आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस काय लिहिलाय तो कागदावर उतरवून घ्या. मग ब्राउझरमध्ये "माझा आयपी काय" असं शोधा आणि तिथं येणारा नंबर त्याच्या शेजारी लिहा. दोन्ही सारखे असतील तर तुमच्याकडं पब्लिक आयपी आहे आणि चूक आपल्या सेटिंगमध्ये शोधू. वेगळे असतील, आणि वॅनचा आकडा १० नं सुरू होत असेल, किंवा १७२.१६ ते १७२.३१ मध्ये असेल, किंवा १९२.१६८ असेल, किंवा १००.६४ ते १००.१२७ च्या मधला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या (ऑपरेटर एकच बाहेरचा आयपी अनेक घरांत वाटतो त्याच्या) मागं आहात, आणि मग राउटरमध्ये काहीही करा, बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही.

माझा अंदाज शेवटचाच आहे. आणि तुमच्या राउटरच्या वॅनला काय दिसतं तेही बघून ठेवा, तो वेगळा मुद्दा आहे.

---

कृष्णाकाठ

दादा, एकदम बरोबर. पांढऱ्या बॉक्समध्ये वॅनला १००.७२ नं सुरू होणारा आकडा आहे, "माझा आयपी" मध्ये १०३ नं सुरू होणारा. आणि माझ्या राउटरच्या वॅनला १९२.१६८.१.२ आहे. म्हणजे तीन जागी तीन वेगळे पत्ते. हे नक्की काय आहे? आणि ऑफिसवाले "ओपन आहे" का म्हणाले मग?

डीएमझेड काढला, फायरवॉल चालू केली.

---

फायबर_जोडणारा

जुना वाडा डोळ्यापुढं आणा. वाड्याला एकच दिंडी दरवाजा, आत पंधरा-वीस बिऱ्हाडं. बाहेरच्या जगाला फक्त वाड्याचा पत्ता माहीत, तो तुमचा १०३ वाला आयपी. दरवाज्यावर एक माणूस वही घेऊन बसलाय. तुम्ही आतून कुणाला पत्र पाठवलं की तो वहीत लिहून ठेवतो की हे अमक्या खोलीचं, म्हणून उत्तर आलं की बरोबर तुमच्याकडं पोचतं. यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप, बँकेचं अ‍ॅप सगळं यामुळंच चालतं, कारण सुरुवात तुम्ही आतून करता. पण बाहेरून कुणी आपणहून आलं आणि म्हणालं मला ८००० नंबरच्या पोर्टवर जायचंय, तर वहीत नोंदच नाही, तो त्याला तिथूनच परत पाठवतो. तुम्ही जे पोर्ट फॉरवर्डिंग केलंत ते तुमच्या खोलीच्या दारावर चिठ्ठी लावल्यासारखं आहे. ती चिठ्ठी दिंडी दरवाज्यावरच्या माणसाला दिसतच नाही, आणि तो माणूस तुमच्या नाही, ऑपरेटरच्या हाताखाली आहे.

ऑपरेटरलाही सरसकट दोष देऊ नका, आयपीव्ही४ मध्ये सगळ्या जगाला मिळून पत्तेच जेमतेम ४२९ कोटी आहेत. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले, त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचाही शेवटचा गठ्ठा उघडावा लागला. नंतर आलेल्या लहान ऑपरेटरला थोडेसेच पत्ते मिळतात, त्यात हजारो घरं बसवायची. १००.६४ ते १००.१२७ ही रांग २०१२ मध्ये याच कामासाठी वेगळी काढून ठेवली, म्हणून मी तो आकडा विचारला. चूक एवढीच की फोनवरच्या माणसानं हे तुम्हाला सांगायला हवं होतं. "ओपन आहे" म्हणजे त्याच्या दृष्टीनं नेट चालू आहे.

आता तुमच्या घरात दुसरा एक नॅट (एका पत्त्यामागं अनेक यंत्रं लपवणारा तसाच दरवाजा) आहे, पांढरा बॉक्स आणि त्याच्यामागं तुमचा राउटर, म्हणजे वाड्यात परत आतला वाडा. तो आजच काढून टाका, पुढं काहीही करायचं असलं तरी. तुमच्या राउटरमध्ये ऑपरेशन मोड म्हणून असेल तिथं अ‍ॅक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय पसरवायचं काम) निवडा. तो मोड नसेल तर राउटरचा डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटायची सोय) बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२५० असा काहीतरी करा, आणि बॉक्सकडून येणारी केबल निळ्या वॅन पोर्टमधून काढून कुठल्याही लॅन पोर्टात घाला. वायफाय होतं तसंच राहील. उलटंही करता येतं, बॉक्स ब्रिज मोडला (नुसतं सिग्नल पुढं देण्यापुरता) टाकून पीपीपीओईचं, म्हणजे ऑपरेटरकडं लॉगिन व्हायचं, युजरनेम-पासवर्ड तुमच्या राउटरमध्ये भरायचं, पण त्याला ऑपरेटरचा व्हीलॅन आयडी नावाचा नंबर लागतो, तो हाताशी नसताना ब्रिज केलंत तर नेट जाईल आणि शनिवारी संध्याकाळी कुणी फोन उचलणार नाही.

मग राहिला सीजीनॅट. ऑपरेटरला "स्टॅटिक पब्लिक आयपी हवाय" असं याच शब्दांत विचारा. बहुतेकांकडं वेगळे पैसे घेऊन मिळतो.

---

दुकानवाली_नागपूर

भाऊ, पब्लिक आयपी घ्या पण डीव्हीआर तसाच उघडा टाकू नका, हात जोडून सांगते.

आमचं औषधाचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी कॅमेरे लावणाऱ्या पोरानं स्टॅटिक आयपीवर ८० आणि ८००० उघडून दिलं, मी घरून बघायची, मस्त चालू होतं. पासवर्ड अ‍ॅडमिन आणि बारा-तीन-चार-पाच असा काहीतरी ठेवून गेला, मला वाटलं आपलं दुकान ते केवढंसं, कोण कशाला येतंय. एक दिवस सकाळी शटर उघडून बघते तर स्क्रीनवर "काउंटर" लिहिलेलं असायचं तिथं भलताच इंग्रजी मजकूर, आणि रात्रीचं रेकॉर्डिंगच नाही. डीव्हीआरच्या लॉगमध्ये गेलो तर रोज रात्री दोन ते चारच्या मध्ये लॉगिन, बाहेरच्या देशातले आयपी, आणि हे काही एक दिवसाचं नव्हतं, दोन महिने चालू होतं. दोन महिने कोणीतरी माझ्या काउंटरवर बसलेल्या पोरीला बघत होतं. ती गोष्ट मी अजून विसरले नाही, तिला सांगायलाही मला दोन दिवस लागले.

त्यानंतर मी यातलं वाचायला लागले. २०१६ मध्ये मिराय नावाचा व्हायरस असाच पसरला होता, कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटरमध्ये घुसायचा, आणि त्याच्याकडं फक्त कंपनीनं घालून दिलेल्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या होत्या, बस. तेवढ्यावर लाखो मशीन ताब्यात घेतल्या, आणि त्या वर्षी २१ ऑक्टोबरला त्यातल्याच मशीन वापरून अमेरिकेतल्या एका डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी सांगणाऱ्या) कंपनीवर असा मारा केला की ट्विटर, नेटफ्लिक्स तासन्‌तास उघडत नव्हते.

आणि कोणी सांगेल की ८००० च्या जागी ४८००० ठेवा, कोणाला सापडणार नाही. सापडतं. २०१३ मध्येच संशोधकांनी दाखवून दिलं की एका साध्या सर्व्हरवरून, नेटचा स्पीड चांगला असेल तर, सगळ्या जगाचा आयपीव्ही४ एका पोर्टसाठी पाऊण तासाच्या आत चाळून होतो. तुमच्या घराचा पत्ता कोणी शोधत नसतं, ते एका टोकापासून सगळीच दारं ढकलत जातात.

तुमच्या कॅमेऱ्यात आई आहे, सोपा आहे. विचार करा.

---

खेळगडी_कोल्हापूर

ताईंशी सहमत. मी माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवतो मित्रांसाठी, २५५६५ पोर्ट, त्यामुळं हे सगळे प्रकार करून झालेत. माझे पण दोन शब्द.

तपासताना वायफाय बंद करून मोबाईल डेटावरूनच तपासायचं, कारण घरात बसून बाहेरचा आयपी टाकला तर बरेच राउटर तो उलटा आत वळवत नाहीत, त्याला नॅट लूपबॅक लागतं, आणि मग नियम बरोबर असून माणूस दोन तास वाया घालवतो. दुसरं म्हणजे पोर्ट तपासायच्या साइट बहुतेक फक्त टीसीपी बघतात, यूडीपीचा (टीसीपीसारखीच डेटा पाठवायची दुसरी पद्धत) पोर्ट नीट चालू असला तरी बंद दाखवतात, त्यावर जायचं नाही. तिसरं, डीव्हीआरचा पत्ता डीएचसीपीनं मिळतोय का? तसं असेल तर वीज गेली की ६४ चा ६७ होतो आणि नियम भलत्याकडंच बोट दाखवत बसतो, राउटरमध्ये डीव्हीआरचा मॅक अ‍ॅड्रेस (त्या यंत्राचा कायमचा नंबर) टाकून तो नंबर राखून ठेवायचा.

आणि आयपीव्ही६ (भरपूर पत्ते असलेली आयपीची नवी पद्धत) बघितलं का कुणी? माझ्याकडं पण सीजीनॅटच आहे, पण आयपीव्ही६ खरा मिळतो. त्यात नॅटच नाही, प्रत्येक मशीनला स्वतःचा पत्ता, राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या एका मशीनसाठी तो एक पोर्ट सोडायचा, झालं. मित्रांच्या मोबाईल डेटावर आयपीव्ही६ असतो त्यामुळं ते थेट जोडले जातात. ज्याच्या घरी नाही तो मात्र राहतो बाहेर.

राउटरमधलं यूपीएनपी पण बंद करा. आतलं कुठलंही यंत्र तुम्हाला न विचारता स्वतःच पोर्ट उघडून घेतं त्यानं, डीव्हीआर तर हमखास.

---

इसारकाठ

मी म्युनिकला असते, आई-बाबा सांगलीत. तुमचा प्रश्न वाचून अगदी आतून कळलं, कारण मी पण रोज सकाळी उठल्यावर पहिलं बाबांच्या अंगणातला कॅमेरा बघते, तिकडं तेव्हा दुपार होत आलेली असते आणि बाबा झोपाळ्यावर असतात.

माझ्याकडं दोन्ही बाजूला हीच रड होती. सांगलीत सीजीनॅट, आणि इथं जर्मनीत केबल कंपनीनं डीएस-लाइट दिलेलं, म्हणजे आयपीव्ही६ स्वतःचा पण आयपीव्ही४ सगळ्यांत वाटून. शेवटी पोर्ट उघडायचा नादच सोडला आणि व्हीपीएन (दोन टोकांमधला बंद, खाजगी रस्ता) केलं. तुमच्याकडं पब्लिक आयपी असता तर वायरगार्ड नावाचं व्हीपीएन सांगितलं असतं, त्याला एकच यूडीपी पोर्ट लागतो, ५१८२०, आणि ज्याच्याकडं किल्ली नाही त्याला तो उत्तरच देत नाही, बाहेरून बघणाऱ्याला तिथं काही आहे हेच कळत नाही. पण सीजीनॅटमागं टेलस्केल नावाचं व्हीपीएन सोपं पडतं. ते वायरगार्डवरच बांधलंय, फरक एवढाच की दोन्ही टोकं आतून बाहेर पडतात आणि मध्ये एकमेकांना गाठतात, म्हणजे वर दादांनी सांगितलेल्या वहीत दोघांचीही नोंद असते. घरगुती वापराला फुकट आहे.

करायचं असं. घरी एक छोटं यंत्र कायम चालू हवं, मी रास्पबेरी पाय नावाचा छोटासा संगणक ठेवलाय, जुना लॅपटॉप लिनक्स टाकून पण चालतो. त्यावर टेलस्केल टाकायचं, लिनक्समध्ये आयपी फॉरवर्डिंग चालू करायचं, आणि त्याला सांगायचं की घरचं अख्खं नेटवर्क पलीकडं दाखव, सबनेट राउटर म्हणतात त्याला. मग टेलस्केलच्या अ‍ॅडमिन पानावर जाऊन तो रूट मंजूर करायचा, ही पायरी हमखास विसरली जाते. तुमच्या मोबाईलवर टेलस्केल चालू केलं की डीव्हीआरच्या अ‍ॅपमध्ये घरात टाकता तोच आतला पत्ता टाकायचा, तुम्ही जणू सोप्यात बसलाय असं ते वागतं. राउटरमध्ये एकही पोर्ट उघडा नाही.

दोन गोष्टींत मी फसले त्या सांगते म्हणजे तुमचे दिवस वाचतील. सांगलीचं नेटवर्क १९२.१६८.१ चं आणि इथलं माझ्या घरातलं पण तेच. मोबाईल डीव्हीआरला म्युनिकच्या घरात शोधत बसायचा. गावचं आधीच १९२.१६८.७७ असं वेगळं काहीतरी करून टाका, पुण्यात कुठल्याही वायफायवर बसलात तरी भांडण होणार नाही. दुसरी गोष्ट, टेलस्केलची किल्ली १८० दिवसांनी आपोआप संपते. माझी बरोबर फेब्रुवारीत संपली, रास्पबेरी पाय सांगलीत, मी इथं, आणि बाबांना फोनवर टर्मिनल उघडायला लावणं मला जमेना, शेवटी भाऊ मुंबईहून गेला तेव्हा चालू झालं. अ‍ॅडमिन पानावर त्या एका यंत्रापुढं "डिसेबल की एक्स्पायरी" आहे, ते गावात असतानाच दाबून ठेवा.

थेट जोडणी जमली नाही तर ते त्यांच्या रिले सर्व्हरवरून जातं, तेव्हा चित्र अडखळतं. डीव्हीआरच्या अ‍ॅपमध्ये मेन स्ट्रीमऐवजी सब स्ट्रीम (कमी डेटाचं, हलकं चित्र) ठेवा, रोज बघायला तेवढं पुरतं.

---

कृष्णाकाठ

मंडळी, जमलं. सगळ्यांचे मनापासून आभार. क्रमानं लिहितो, पुढं कुणाला लागलं तर.

ऑपरेटरला स्टॅटिक पब्लिक आयपी विचारला, मिळतो म्हणाले पण आधी वर्षाचे पैसे भरा आणि सुरू व्हायला आठ दिवस. नागपूरच्या ताईंचं वाचल्यावर तसंही मन धजावत नव्हतं. आयपीव्ही६ बॉक्सवर चालू करून बघितला, आमच्याकडं मिळतच नाही.

मग माझा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट केला, केबल लॅनला लावली. पांढऱ्या बॉक्सचं नेटवर्क १९२.१६८.७७ केलं, डीव्हीआरला ६४ नंबर राखून ठेवला. आधीचे तिन्ही नियम काढले, यूपीएनपी बंद केलं. यूपीएनपीच्या यादीत डीव्हीआरनं माझ्या आधीच दोन पोर्ट उघडून ठेवले होते, ते बघून अंगावर काटा आला. सीजीनॅट होता म्हणून ते बाहेर दिसले नाहीत एवढंच. बसवणाऱ्यानं ठेवलेला पासवर्ड बदलला, नवीन पासवर्ड आईनं देवघरातल्या वहीत लिहून ठेवलाय.

पुतण्याचा जुना लॅपटॉप पडून होता, त्यावर लिनक्स आणि टेलस्केल. रूट मंजूर करायची पायरी मी पण विसरलोच, एक तास गेला, मग ताईंचा मेसेज परत वाचला. किल्लीचं पण करून ठेवलं.

आज सकाळी मुद्दाम सव्वापाचला उठून, वायफाय बंद करून, घराबाहेर रस्त्यावर जाऊन मोबाईल डेटावर बघितलं. आप्पा बॅटरी घेऊन वाटेनं चालले होते, मध्ये पेरूच्या झाडाजवळ थांबले, काठी या हातातून त्या हातात घेतली आणि पुढं गेले. दोन-तीन सेकंदांचा उशीर आहे, पण तुटलं नाही.

आता एकच राहिलं. इथं वीज दिवसातून दोनदा तरी जाते. इन्व्हर्टर फक्त पंख्यांना आणि दिव्यांना आहे. त्याचं काय करू?

---

फायबर_जोडणारा

पेरूच्या झाडाचं वाचून बरं वाटलं दादा.

विजेचं सोपं आहे. राउटरसाठी छोटे डीसी यूपीएस मिळतात, ते घ्या, पण घ्यायच्या आधी पांढऱ्या बॉक्सच्या आणि राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक १२ व्होल्टच असतात, पण अँपिअर कुणाचा १, कुणाचा दीड, कुणाचा २ असतो, आणि यूपीएस त्यापेक्षा कमी अँपिअरचा घेतलात तर वायफायवर लोड आला की बॉक्स परत परत रिस्टार्ट होत राहतो. काही राउटर ९ व्होल्टचे असतात, त्यांना १२ लावू नका. दोन्हीला वेगवेगळा यूपीएस बरा. लॅपटॉपची बॅटरी तासभर टिकत असेल तर त्याचं काही करायला नको, फक्त झाकण बंद केल्यावर तो झोपणार नाही असं सेटिंग करा आणि बायॉसमध्ये "एसी पॉवर आली की चालू हो" असा पर्याय आहे का ते आत्ताच बघून घ्या, जुन्या लॅपटॉपमध्ये कधी असतो कधी नसतो.

डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांना मात्र तो छोटा यूपीएस पुरणार नाही, चार कॅमेऱ्यांची पॉवर सप्लाय वेगळी असते. त्यांना इन्व्हर्टरची एक लाइन ओढून घ्या, वायरमन अर्ध्या तासात करून देईल. रविवारी निघायच्या आधी घरातला मेन स्विच दहा मिनिटं बंद ठेवा, परत चालू करा, आणि कशालाही हात न लावता मोबाईलवर सगळं आपोआप येतंय का ते बघा. ते आलं तरच गाडी काढा.